आजी शिट्ट्या का मोजते?

प्रिय सोनू,

तुझा व्हॉइस मेसेज ट्राममध्ये ऐकला आणि एकटीच हसत बसले. आजी देवघरात, आजोबा पेपरात डोकं घालून, आणि कुकरची शिट्टी झाली की एक म्हणणार "तीन झाल्या", दुसरं म्हणणार "छे, दोनच". कोथरूडच्या त्या घरात हे भांडण मी शाळेत होते तेव्हापासून चालू आहे. तू विचारलंस, आजी घड्याळ का लावत नाही, आणि आपला म्युनिकचा कुकर शिट्टी का देत नाही?

आपल्या कुकरला स्प्रिंगची झडप आहे. दाब झाला की झाकणावरची खूण वर येते, आपण आच कमी करतो आणि तो निमूट शिजवत बसतो. आजीच्या कुकरवर नुसतं एक वजन असतं. आत वाफ कोंडली की ती वजन उचलते आणि किंचाळत बाहेर पडते. म्हणून शिट्टी म्हणजे तो आवाज, आणि शिट्टी म्हणजे ते वजनसुद्धा. "माझी शिट्टी कुणी घेतली?" असं आजी ओरडली तर घाबरू नकोस, ती बहुतेक घासलेल्या भांड्यांच्या टोपलीत तळाशी असते.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, म्युनिक 520. दोन्हीकडे उघड्या पातेल्यात पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. मग गॅस कितीही मोठा कर, पाणी आटेल पण जास्त तापणार नाही. कुकरात दाबामुळे तेच पाणी 120 अंशांपर्यंत जातं. हरभरे पातेल्यात तास-दीड तास छळतात ते कुकरात वीस मिनिटांत मऊ होतात, ते यामुळे.

आता आजीला सांगू नकोस, पण शिट्ट्यांचा आकडा खरा नसतो. गॅस मोठा असला की शिट्ट्या भराभर होतात, कडधान्य तेवढ्यात शिजत नाही. तिची खरी हातोटी पहिल्या शिट्टीनंतर आहे. नीट बघ, ती ओट्याशी येऊन गॅस अगदी बारीक करते. पुढचं सगळं वेळेच्या अंदाजाने. त्या घरातली "तीन शिट्ट्या" म्हणजे तो कुकर, ती शेगडी आणि आजीचा हात. मी नुसता तो तीनचा आकडा घेऊन इथे आले आणि पहिल्याच हिवाळ्यात राजम्याने माझी फजिती केली. घाईत भिजवला जेमतेम दोन तास, वर टोमॅटो आणि चिंच आधीच घातली. तासाभराने दाणे खडखडीत. आंबट घातलं की साल आवळून बसतं, त्यात इथलं पाणी जड (आपल्या किटलीत पांढरा थर धरतो, तोच). चिंच-आमसूल नेहमी शिजल्यावर, हे आजीने मला फोनवर सांगितलं, तेही हसून हसून दम लागल्यावर.

राजम्याची एक गोष्ट मात्र गंमतीवारी घ्यायची नाही. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारा एक घटक असतो, उलट्या होतात. आठ तास भिजवायचा, ते पाणी ओतून टाकायचं आणि दणकून उकळायचा. कुकरात तो घटक टिकत नाही. अगदी मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात (स्लो कुकरमध्ये) मात्र टिकू शकतो, म्हणून शेजारच्या काकूंनी देऊ केलेलं ते भांडं मी घेतलं नाही.

आणि कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. कडधान्य फुगतं, फेस येतो आणि वाफेचं भोक बुजतं. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्यायची. आजी त्या वेळात पोळ्या उरकते.

श्रावणी सोमवारी संध्याकाळी डाळिंब्यांची उसळ होईल. तेव्हा शिट्टी ऐकू येणार नाही. मोड आलेले, सोललेले वाल कुकरात घातले तर पिठलं होतं! ते कढईत शिजतात, झाकणावर पाणी ठेवून. सोलायला तुला बसवतीलच. दोन बोटांत दाबलं की दाणा सुळकन निसटतो, बहुतेक आजोबांच्या चष्म्यावर.

भांडणाचा निकाल विचारलास ना? नुसतं फुस्स झालं आणि वजन उचललंच नाही, तर ती शिट्टी धरत नाहीत. आजोबा ती धरतात.

तुझी,
आई