सूत्रधार : सूत्र बाहुल्यांचे की मापाचे?

दहशतवादी हल्ल्याच्या बातमीत ‘मास्टरमाइंड’ऐवजी ‘मुख्य सूत्रधार’ लिहिणे बरोबर का, असे एका वाचकाने विचारले आहे.

नाही. दोन्ही शब्द त्या माणसाला नसलेली उंची देतात. कट रचला, पैसे पुरवले, माणसे फितवली, जे केले असेल ते सरळ लिहावे. हा ‘सूत्रधार’ रोज कानावर आदळतो आणि दरवेळी मला शब्दाची कीव येते.

कारण सूत्र म्हणजे बाहुल्या नाचवायच्या दोऱ्या, ही समजूतच चुकीची आहे. ती जर्मन संस्कृत-प्राकृत पंडित रिचर्ड पिशेल यांच्या मताने फोफावली. प्राकृत व्याकरणात पिशेल यांचा शब्द मी मुकाट मानतो, इथे मुळीच नाही. संस्कृत नाटक कळसूत्री बाहुल्यांतून आले, हे ठरवून टाकल्यावर त्यांना दोऱ्याच दिसणार! आपला ‘सुतार’ या ‘सूत्रधारा’तूनच आला. सुतार कुठे बाहुल्या नाचवतो? हे सूत्र मापाचे. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाची जागा आखायला कापसाची, मुंज गवताची किंवा सालीची दोरी सांगितली आहे, आणि ती तुटता कामा नये. अर्ध्यावर तुटली तर स्वामीचा मृत्यू, तिसऱ्या भागात तुटली तर राष्ट्रकोप, म्हणजे देशात क्षोभ. जागा नीट मापून उभारणी करणारा तो सूत्रधार. उद्ध्वस्त करणाऱ्याला हे नाव द्यायचे?

नाटकात सूत्रधाराचे आणखी एक काम असते. नांदी संपली की तो कवीचे आणि नाटकाचे नाव प्रेक्षकांना सांगतो. माझ्या मते हल्ल्यानंतर हे काम वृत्तवाहिन्याच करतात. हल्लेखोराचे नाव, फोटो, त्याचा जाहीरनामा, पुन्हा पुन्हा. त्याला हवा असलेला प्रेक्षक आयता मिळतो, आणि त्या प्रेक्षकांतच पुढचा कोणीतरी बसलेला असतो. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जणांचा जीव घेणाऱ्याने गोळीबार स्वतःच फेसबुकवर थेट दाखवला होता. ‘ल माँद’ या फ्रेंच दैनिकाने तर २०१६ मध्ये, फ्रान्समधल्या नीस शहरातल्या हल्ल्यानंतरच, मारेकऱ्यांचे फोटो छापणे थांबवले होते. क्राइस्टचर्चनंतर न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितले, की हल्लेखोराचे नाव मी उच्चारणार नाही; गेलेल्यांची नावे घ्या.