प्रकाशकांच्या व्यापारी मेळ्यात फुकट मिळणारी पुस्तकं आणि वस्तू नेमक्या कशा गोळा कराव्यात?

तुमचा प्रश्न असा आहे की, पहिल्यांदाच एका मोठ्या व्यापारी पुस्तक मेळ्याला जाताय, तिथे आगाऊ प्रती (पुस्तक बाजारात येण्याआधीच छापलेल्या), पिशव्या, बॅज, पोस्टर वगैरे फुकट वाटतात असं ऐकलंय, तर तयारी काय करावी आणि मागायचं कसं.

आधी मेळा कुठल्या जातीचा आहे ते बघा, कारण निम्मा अपेक्षाभंग तिथेच होतो. फ्रँकफर्ट, लंडन, इटलीतलं बोलोन्या हे मुख्यतः हक्कांच्या खरेदी-विक्रीचे मेळे. एका भाषेतला प्रकाशक दुसऱ्या भाषेतल्या प्रकाशकाला अनुवादाचे हक्क विकतो, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भेटी महिनोन्‌महिने आधी ठरलेल्या असतात. तिथल्या फळ्यांवरची पुस्तकं दाखवण्यासाठी असतात, वाटण्यासाठी नाही. बोलोन्याचा मेळा बालपुस्तकांचा आहे. तिथे चित्रकारांसाठी एक भिंत असते, तिच्यावर ते आपली कार्डं आणि नमुने लावतात. खाली लटकवलेली कार्डं नेण्यासाठीच असतात, भिंतीला चिकटवलेलं मूळ चित्र नाही.

आगाऊ प्रतींचा पाऊस ज्यासाठी प्रसिद्ध होता तो न्यूयॉर्कचा बुकएक्स्पो 2020 मध्ये कायमचा बंद झाला. आज त्या प्रकारचं वाटप अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या वार्षिक अधिवेशनातल्या प्रदर्शनात आणि पुस्तकविक्रेत्यांच्या 'विंटर इन्स्टिट्यूट'मध्ये बघायला मिळतं. पहिलं ग्रंथपालांसाठी, दुसरं दुकानदारांसाठी. म्हणजे 'फुकट' हा शब्द इथे जरा फसवा आहे. तुम्ही पुस्तक विकत घेऊन ठेवाल, वर्गात वाचायला द्याल किंवा त्याबद्दल लिहाल, या हिशेबाने ते तुमच्या हातात पडतं. हा हिशेब डोक्यात ठेवलात की काय मागायचं आणि कोणाकडे, हे आपोआप कळतं.

सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे आगाऊ वाचनप्रत. तिथे तिला 'एआरसी' किंवा 'गॅली' म्हणतात. पुस्तक बाजारात येण्याच्या तीन-चार महिने आधी, शेवटची मुद्रितं तपासून व्हायच्या आत ती छापलेली असते. मासिकांना परीक्षण छापायला आणि दुकानांना मागणी नोंदवायला तेवढा वेळ लागतो म्हणून. ओळखायची कशी? मुखपृष्ठावर 'अनकरेक्टेड प्रूफ' (न तपासलेलं मुद्रित) आणि 'नॉट फॉर सेल' छापलेलं असतं. मागच्या बाजूला, जिथे एरवी कौतुकाचे उतारे असतात तिथे, प्रकाशनाची तारीख, पृष्ठसंख्या, आयएसबीएन आणि जाहिरातीचा आराखडा असतो. हा आराखडा जरूर वाचा. प्रकाशक त्या पुस्तकावर किती जोर लावणार आहे ते तिथे उघड लिहिलेलं असतं. थोड्याच प्रती छापल्यामुळे एका आगाऊ प्रतीचा खर्च बरेचदा पक्क्या पुस्तकापेक्षा जास्त पडतो. त्यामुळे स्टॉलवरचा माणूस हात आखडता घेतो तेव्हा तो कंजूष नसतो.

वाटप दोन तऱ्हांनी होतं. एक, ठरलेल्या वेळी. सकाळी साडेनऊला एक गठ्ठा, दुपारी दोनला दुसऱ्या पुस्तकाचा. वेळा स्टॉलच्या टेबलावर छोट्या पाटीवर लिहिलेल्या असतात आणि व्यापारी मासिकांच्या दैनिक मेळा-अंकातही असतात. हे अंक सकाळी प्रवेशद्वारापाशी वाटतात. आत शिरताना एक उचला, पाच मिनिटं बाजूला उभे राहून वेळांवर खुणा करा, मगच चालायला लागा. हवं असलेलं पुस्तक असेल तर दहा-पंधरा मिनिटं आधी पोहोचा, गाजलेल्या लेखकाचं असेल तर अर्धा तास. पण दिवसात तीनपेक्षा जास्त वाटपांमागे धावू नका. मोठ्या सभागृहाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गर्दीतून जायला सहज दहा मिनिटं लागतात, आणि दोन रांगांच्या मध्ये अडकलेल्याला दोन्ही मिळत नाहीत.

दुसरी तऱ्हा म्हणजे विचारून. चांगली पुस्तकं बरेचदा टेबलाखालच्या कपाटात असतात आणि योग्य माणूस आला की बाहेर निघतात. दोन वाक्यं पुरतात: आधी तुम्ही काय करता, मग काय शोधताय. "मी शाळेच्या ग्रंथालयात आहे, बारा-चौदा वर्षांच्या मुलांना रहस्यकथा हव्या असतात. या हंगामात तुमच्याकडे तसं काय येतंय?" यावर समोरचा मोकळेपणाने बोलायला लागतो. "फुकट काय आहे?" असं विचारलंत की बुकमार्क हातात पडतो आणि संभाषण संपतं. प्रत शिल्लक नसेल तर आपलं व्हिजिटिंग कार्ड द्या, मागे पुस्तकाचं नाव लिहून. पोस्टाने प्रत येण्याची शक्यता त्यामुळे बरीच वाढते. चार दिवसांसाठी पन्नास कार्डं न्या.

काय उचलायचं नाही, हे नवख्याला कळत नाही आणि त्यावरून वाईट प्रसंग होतात. खूण अशी: टेबलाच्या बाहेरच्या कडेला एकाच पुस्तकाच्या सात-आठ प्रती एकावर एक, मुखपृष्ठ वर, असतील तर त्या घेण्यासाठी. फळीवर एकेकच प्रत उभी असेल तर ती दाखवण्यासाठी. टेबलाच्या आतल्या बाजूचा गठ्ठा ठरलेल्या भेटींसाठी राखलेला असतो, त्यावर चिठ्ठी नसली तरी. शंका आली तर बोट दाखवून विचारा. आणि एका पुस्तकाची एकच प्रत. मैत्रिणीसाठी दुसरी मागणारा माणूस स्टॉलवाल्यांच्या बरोबर लक्षात राहतो.

सही मिळणार असेल तर आपलं नाव मोठ्या अक्षरांत कागदाच्या चिठ्ठीवर लिहून सही करायच्या पानावर लावून ठेवा. आपली नावं कानावरून लिहिताना हमखास बिघडतात, आणि शाई खोडता येत नाही. गुळगुळीत कागदावर शाई वाळायला वेळ लागतो. पुस्तक लगेच मिटलंत तर सही समोरच्या पानावर उमटते. टिपकागदाचा एक तुकडा जवळ असू द्या.

आता वजन. फुकट ते पौष्टिक म्हणत सगळे उचलत सुटतात आणि तिसऱ्या दिवशी खांदा धरून बसतात. साडेतीनशे पानांची कागदी बांधणीची प्रत साधारण चारशे ग्रॅम भरते. वीस प्रती म्हणजे आठ किलो. पातळ कापडाची मेळ्यातली पिशवी एवढ्या वजनाने बंदाच्या शिवणीतून उसवू शकते आणि नेमकी जिन्यावर उसवते. न विणलेल्या कृत्रिम कापडाच्या पिशव्यांची बाजूची शिवणही फाटू शकते. मेळ्यातली पिशवी ही आठवण म्हणून घरी आणायची वस्तू समजा, पुस्तकं वाहायची नव्हे. पुस्तकांसाठी रुंद पट्ट्यांची पाठपिशवी न्या, जड पुस्तकं पाठीला लागून ठेवा. चाकांची बॅग अनेक ठिकाणी सभागृहात नेऊ देत नाहीत, तसा लेखी नियमच असतो, कारण गर्दीत माणसं तिला अडखळतात. ती सामानघरात ठेवा आणि दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा पाठपिशवी तिथे रिकामी करून या.

पोस्टाने पाठवायचं असेल तर खोकं लहान घ्या. 40 × 30 × 25 सेंटिमीटरचं खोकं दिसायला बेताचं वाटतं, पण पुस्तकांनी गच्च भरलं की वीस किलोच्या आसपास जातं आणि तळ सुटतो. 30 × 22 × 20 चं खोकं नऊ-दहा किलोवर थांबतं, एकट्याला उचलता येतं. पुस्तकं आडवी, कणे आलटून-पालटून, मधल्या फटीत कागदाचे बोळे. चिकटपट्टी झाकणाच्या मधल्या फटीवर दुहेरी आणि दोन्ही कडांवर एकेक. अमेरिकेत पुस्तकांसाठी 'मीडिया मेल' हा स्वस्त दर आहे, खोक्याला 70 पौंडांची मर्यादा. त्यात फक्त पुस्तकं आणि ध्वनिमुद्रणासारखी ठरावीक माध्यमं चालतात. बॅज, पेला, खेळणी घातलीत आणि पोस्टाने खोकं उघडून पाहिलं (तो अधिकार त्यांना आहे) तर वाढीव दर भरावा लागतो. पत्त्याची चिठ्ठी घरूनच छापून न्या.

किरकोळ वस्तूंबद्दल थोडक्यात. धातूच्या पिन बॅजची मागची फुलपाखरी पकड तासाभराच्या धक्काबुक्कीत सैल होते आणि बॅज कधी पडला ते कळतही नाही. रबरी पकडी आधीच विकत घेऊन न्या, किंवा बॅज पिशवीच्या आतल्या झडपेला लावा. पोस्टर अरुंद नळीत घातलं की गुंडाळीचा बाक कायमचा बसतो, सात-आठ सेंटिमीटर व्यासाची नळी घ्या. छापील सूचीपुस्तिका उचलू नका, त्या सगळ्यात जड असतात आणि तीच माहिती बहुधा एडलवाइस या प्रकाशकांच्या सूचींच्या संकेतस्थळावर सापडते. प्रकरणाचे नमुने, म्हणजे पहिली एक-दोन प्रकरणं छापलेल्या पातळ पुस्तिका, मात्र भरपूर घ्या. पाव वजनात पुस्तकाची चव कळते आणि मग पूर्ण प्रत मागावी की नाही ते ठरवता येतं. चित्रपुस्तकांची आगाऊ प्रत बहुधा न बांधलेल्या, घडी घालून एकात एक ठेवलेल्या पानांच्या रूपात असते. ती प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये सपाट ठेवा, कारण एकदा पानं सांडली की क्रम लावताना जीव मेटाकुटीला येतो.

गळ्यातल्या ओळखपत्रावरचा कोड स्कॅन करून मगच वस्तू देणारे स्टॉल बरेच असतात. तुमचा ईमेल त्यांच्या यादीत जातो, हीच त्याची किंमत. नोंदणी करतानाच त्यासाठी वेगळा ईमेल द्या.

शेवटच्या दिवशी दुपारनंतर चित्र पालटतं. दाखवण्यासाठी ठेवलेली पुस्तकं परत पाठवण्याचा खर्च नको म्हणून काही प्रकाशक ती देऊन टाकतात. पण मेळा अधिकृतपणे संपेपर्यंत स्टॉल मोडायला बहुतेक आयोजक मनाई करतात. म्हणून शेवटच्या दोन तासांत जाऊन "ही पुस्तकं परत नेणार आहात का?" एवढंच विचारा. काही जण ती शाळांना किंवा संस्थांना द्यायचं आधीच कबूल करून बसलेले असतात, तेव्हा नकार आला तर वाद घालू नका.

घरी आल्यावर गठ्ठा लेखकाच्या नावाने नाही, प्रकाशनाच्या तारखेने लावा. जे पुस्तक आधी येणार ते वर. अभिप्राय त्या तारखेच्या आसपास द्यायचा, चार महिने आधी नाही, कारण तेव्हा वाचकाला ते विकत घेता येत नाही. आगाऊ प्रतीतून वाक्य उद्धृत करायचं असेल तर पक्क्या पुस्तकाशी ताडून बघा. पात्राचं नाव, शेवटचं प्रकरण, काहीही बदललेलं असू शकतं. ही प्रत विकायची नाही आणि ग्रंथालयाच्या नोंदीत चढवायची नाही, ते कच्चं मुद्रित आहे, पक्कं पुस्तक नाही. वाचून झाल्यावर सहकाऱ्याला द्या, किंवा मुखपृष्ठ फाडून रद्दीत. जी पुस्तकं रांगेत हुकली ती नेटगॅली या डिजिटल आगाऊ प्रती देणाऱ्या संकेतस्थळावर शोधा, मागणी करताना मेळ्यात कोणाशी बोलणं झालं ते कारणात लिहा. आणि ज्यांनी प्रत दिली त्यांना अभिप्रायाचा दुवा दोन ओळींच्या ईमेलने पाठवा, म्हणजे पुढच्या हंगामातल्या प्रती रांगेत न उभं राहता घरी यायला लागतात.