वीज गेल्यावर जुना सर्व्हर उठत नाही: आधी तारीख बघा, मग डिस्का मोजा

वीज गेल्यापासून जुना सर्व्हर सुरू होत नाही, काय करू, असा प्रश्न आलाय. पंखे फिरतात, लोगो येतो आणि मग ‘बूट डिव्हाइस सापडलं नाही’. बायोसमधली, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममधली, तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. लिनक्स, चार डिस्कची सॉफ्टवेअर रेड ५ (चार डिस्का मिळून एकच साठा, एक गेली तरी डेटा राहतो), बॅकअप अर्धवट, आणि तुम्ही आता नव्याने इन्स्टॉल करायच्या बेतात आहात. प्रश्नातलं एवढं धरून लिहितो.

इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह आधी बाजूला ठेवा. बटण दाबून दाबून ‘आता तरी होतंय का’ बघणंही थांबवा, कारण म्हाताऱ्या डिस्कला थंड पडल्यावर पुन्हा फिरायला लागणं सगळ्यात जड जातं.

तुम्ही सांगितलेल्यात कामाची खूण आहे ती तारीख. मदरबोर्डवरचा बटण सेल, बहुतेक सीआर २०३२, संपलाय. सर्व्हर प्लगला असेपर्यंत घड्याळाला आणि बायोसच्या सेटिंगना स्टँडबाय पुरवठ्यातून वीज मिळत राहते. त्यामुळे सेल केव्हाच मेलेला असला तरी कोणाला पत्ता लागत नाही. वीज पूर्ण गेली की सेटिंग उडतात. मग बूटचा क्रम बदलतो, बूटच्या नव्या पद्धतीच्या (यूईएफआय) जागी जुनी (लेगसी) येते किंवा उलट होतं, डिस्का ज्यावर जोडलेल्या असतात त्या साटा पोर्टचा मोड नेहमीच्या एएचसीआयवरून भलतीकडे जातो. यातलं एक जरी झालं तरी ठणठणीत डिस्क असूनही हाच संदेश दिसतो.

म्हणून वायर काढून सेल बदला. नवा सेल मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, जुना २.७च्या आसपास किंवा खाली असेल तर शंकाच नको. मग तारीख लावा, साटा एएचसीआयवर ठेवा, लेगसी आणि यूईएफआय दोन्ही आलटून पालटून बघा. या बदलांनी डिस्कवर काही लिहिलं जात नाही. साटाच्या यादीत ‘रेड’ नावाचा पर्याय दिसेल, त्याला मात्र हात लावू नका. तुमची रेड लिनक्स सांभाळतो, बायोस नाही.

आता बायोसच्या यादीत डिस्का मोजा. चारही असतील तर बहुतेक वेळा एवढ्यावरच सुटका होते.

एखादी कमी असेल तर ती मेली असं लगेच ठरवू नका. ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते. चार डिस्का एकदम सुरू झाल्या की थकलेल्या एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) दम तुटतो आणि एक डिस्क वेळेत तयार होत नाही. मशीन बंद न करता कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून पुन्हा मोजा. डिस्का फिरत्याच असतात, आणि या वेळी चौथी दिसली तर संशय एसएमपीएसवर घ्या. १२ व्होल्टची लाइन सुरू होताना ११.४च्या खाली जात असेल तर तो बदलायचाच. तसं नसेल तर केबल आणि पोर्ट बदलून बघा. काढण्याआधी प्रत्येक डिस्कवर पोर्टचा नंबर लिहा. टकटक आवाज येत असेल तर ती डिस्क लगेच बंद करा.

डिस्का दिसतात पण रेड उठत नाही, असंही होईल. वीज मध्येच गेल्याने पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला लागणारी जादा माहिती) अर्धवट राहिलेली, त्यात एक डिस्क गायब, अशा वेळी लिनक्स स्वतःहून रेड ५ सुरू करायला नकार देतो. हे दिसल्यावर लोक घाबरतात, पण तो नकार तुमच्या डेटासाठीच असतो. लाइव्ह लिनक्सवरून (इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून चालणारं) एमडीएडीएमचं, म्हणजे लिनक्सची रेड सांभाळणाऱ्या कमांडचं, ‘एक्झामिन’ चालवा आणि प्रत्येक डिस्कचा इव्हेंट काउंट (ती रेडच्या किती बदलांपर्यंत सोबत होती तो आकडा) लिहून घ्या. आकडे जवळपास असतील तर ‘असेंबल’ला (आहे ती रेड पुन्हा जोडणं) ‘फोर्स’ (जबरदस्तीने) जोडून काम होतं. पण त्याआधी खराब डिस्कचीही प्रत काढणाऱ्या डीडीरेस्क्यूने प्रत्येक डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. कंटाळवाणं आहे, तरी हे टाळू नका. नवी रेड बनवणारं ‘क्रिएट’ मात्र चालवायचं नाही, कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. डिस्कांचा क्रम किंवा चंक साइझ (एका डिस्कवर एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा आकार) चुकली आणि पॅरिटी नव्याने लिहिली गेली की मग पैसे मोजूनही हमी मिळत नाही. फाइल सिस्टिम तपासतानाही आधी एफएससीके (तपासणीची कमांड) ‘एन’ पर्यायाने, म्हणजे काहीही न लिहिता.

ग्रब (लिनक्स सुरू करणारा मेनू) येऊन नंतर अडकत असेल तर विजेचा संबंध आणखी कमी. दोनेक वर्षं रीबूटच न झालेल्या सर्व्हरवर कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट होत राहतात, बूट पार्टिशन भरतं, अर्धवट इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला कर्नलला लागणारी फाइल) तयार होतं, आणि हे सगळं पहिल्यांदा तपासलं जातं ते अशा रात्री. ग्रबमधून जुना कर्नल निवडा. इमर्जन्सी मोड आला तर एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्का जोडायच्या त्याची यादी) आता जोडलेलीच नसलेली एखादी डिस्क आहे का बघा; त्या ओळीला ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी अडू नको) लावलं की पुढे जाईल.

उठल्यावर पहिलं काम बॅकअप, बाकी दुरुस्त्या नंतर. सेटिंग उडाल्यामुळे वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्यायही मूळ जागी गेला असेल, तो पुन्हा लावा.

सेल बदलून यादीत किती डिस्का दिसतात आणि कोणत्या पोर्टवरची गायब आहे, ते लिहा. रेडपर्यंत पोहोचलात तर चारही इव्हेंट काउंट जसेच्या तसे द्या, आणि उत्तर येईपर्यंत ‘फोर्स’ चालवू नका.