‘फिनिशर’ला मराठीत काय म्हणावे? डाव, पेच आणि पकड

नांदेडच्या एका वाचकांनी विचारले आहे की, डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कंपनीच्या दूरचित्रवाणीवरच्या कुस्तीत चोकस्लॅम, आरकेओ, शार्पशूटर असे जे प्रकार दिसतात, त्यांना मराठीत ‘डाव’ म्हणावे की ‘पेच’, की तिथे सारे आधीच ठरलेले असल्यामुळे हे दोन्ही शब्द वापरूच नयेत. शिवाय ‘फिनिशर’साठी, म्हणजे मल्ल ज्यावर कुस्ती संपवतो त्या डावासाठी, आपल्याकडे काही शब्द आहे का.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. शब्द आहे आणि तो कुस्तीच्या बोलण्यातलाच आहे: हुकमी डाव. जत्रेतल्या कुस्त्यांची बातमी वाचली, तर ‘आपल्या हुकमी घिस्सा डावावर प्रतिस्पर्ध्याला अस्मान दाखवले’ अशा धाटणीचे वाक्य हमखास सापडते. पैलवानाला डाव पुष्कळ येतात, पण त्यांतला एखादाच त्याच्या अंगात मुरलेला असतो, आणि तो बसला की कुस्ती संपली हे फडाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक असते. फिनिशर म्हणजे नेमके हेच. अंडरटेकरचा टूम्बस्टोन, स्टीव्ह ऑस्टिनचा स्टनर आणि रँडी ऑर्टनचा आरकेओ हे त्या त्या मल्लाचे हुकमी डाव होत. ‘हुकमी’मधला हुकूम पत्त्यांतही असतो, हेही इथे फार जुळून येते, कारण १९९०च्या दशकात या मल्लांची उंची, वजन आणि छातीची मापे आपल्याकडच्या मुलांना ज्या पत्त्यांमुळे तोंडपाठ झाली, त्यांचे नाव ‘ट्रम्प कार्ड’ होते आणि ट्रम्प म्हणजे हुकूमच. ‘निकाली डाव’ हा पर्याय काहींना सुचेल. मात्र ‘निकाल’ या नावाचा एक स्वतंत्र डाव कुस्तीत असल्याने त्यातून घोटाळा होईल, म्हणून तो मी टाळतो.

आता डाव आणि पेच. ‘डावपेच’ असा जोडशब्द रुळल्यामुळे हे दोन्ही एकच वाटतात, पण त्यांच्या अर्थांत अंतर आहे. पेच हा फारसीतून आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ पीळ किंवा वळसा असा आहे. पगडीचा पेच, पतंगांचा पेच, लाकडात फिरवून बसवायचा पेच आणि पेचात सापडलेला माणूस या सर्वांत गुंतणे व पिळवटणे आहे. डावात मात्र क्षण साधणे आहे. डाव टाकला जातो, साधला जातो, उलटतो आणि फसतोही. हा फरक लक्षात घेतला तर वाचकांनी दिलेल्या नावांची विभागणी सहज होते. चोकस्लॅममध्ये गळा धरून उचलायचे आणि पाठीवर आदळायचे असते, आरकेओमध्ये मान धरून झटक्यासरशी दोघांनीही खाली यायचे असते. हे डाव आहेत. ब्रेट हार्टमुळे गाजलेला शार्पशूटर याहून निराळा आहे. उताण्या पडलेल्या प्रतिस्पर्ध्याचे पाय आपल्या एका पायाभोवती एकमेकांत अडकवायचे, त्याला तसाच पालथा करायचा, त्याच्या पाठीकडे बसून ते पाय मागे ओढायचे आणि तो हार मानेपर्यंत सोडायचे नाही, अशी त्याची रीत आहे. अर्थाच्या दृष्टीने हा अस्सल पेच आहे. तरीही कुस्तीच्या बोलण्यात सुटा ‘पेच’ आता क्वचितच ऐकू येतो, म्हणून शार्पशूटर, बॉस्टन क्रॅब किंवा कॅमल क्लच यांना मी ‘पकड’ म्हणेन. क्रियापदही त्याप्रमाणे बदलावे: स्टनर मारला, पण शार्पशूटरची पकड घातली. आपल्याकडची पोरे ‘स्टनर हाणला’ म्हणतात, तेही अगदी बरोबर आहे.

वाचकांची खरी शंका मात्र मधल्या प्रश्नात आहे, म्हणजे सारे आधीच ठरलेले असताना हे शब्द वापरावेत का, आणि ती रास्त आहे. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. ज्या मातीत असे मल्ल घडले, तिथे वस्ताद डाव शिकवतात तेव्हा त्याची तोडही शिकवतात, कारण समोरचा तो डाव बसू देणार नाही हे गृहीतच असते. कलाजंग पाहा. पैलवान झटकन खाली बसून प्रतिस्पर्ध्याच्या काखेखाली डोके घालतो, एका हाताने त्याचा दंड ओढून धरतो, दुसरा हात त्याच्या मांड्यांमधून घालतो आणि त्याला खांद्यांवर आडवा घेऊन पाठीवर टाकतो. दंडावरची पकड जरा ढिली पडली तरी सगळा भार स्वतःच्याच मानेवर येतो. जॉन सीना ज्या डावासाठी प्रसिद्ध आहे, त्याचीही मांडणी हीच: प्रतिस्पर्धी खांद्यांवर आडवा आणि मग आदळणे. परंतु तिथे वर गेलेला मल्ल स्वतःचा तोल सांभाळून उचलणाऱ्याला साथ देत असतो. चोकस्लॅममध्ये तर उचलला जाणारा स्वतःच उडी घेतो. ही साथ चुकली तर काय होते, हे डब्ल्यूडब्ल्यूईच्या १९९७च्या समरस्लॅम या कार्यक्रमात दिसले. ओवेन हार्टच्या पाइलड्रायव्हरमध्ये, म्हणजे उलटे धरून डोक्यावर आदळण्याच्या डावात, ऑस्टिनच्या मानेला गंभीर दुखापत झाली.

असे असूनही ‘डाव’ हा शब्द मला तिथे योग्य वाटतो. मराठीत डाव म्हणजे केवळ प्रतिस्पर्ध्यावर केलेली चाल नाही. भातुकलीचाही डाव असतो, तो मांडला जातो आणि मोडलाही जातो, आणि तो खोटा आहे अशी तक्रार कोणी करत नाही. ठरवून खेळलेल्या खेळाला सामावून घेण्याइतका हा शब्द आधीपासूनच मोठा आहे.

याच कारणाने या प्रकाराला ‘नूरा कुस्ती’ म्हणणे मला पटत नाही. नूरा कुस्तीत दोन पैलवान आतून संगनमत करतात आणि ती खरी म्हणून लोकांपुढे ठेवतात. तिच्या मुळाशी फसवणूक आहे. डब्ल्यूडब्ल्यूई चालवणाऱ्या कंपनीने १९८९ मध्येच न्यू जर्सी राज्यात आपला कार्यक्रम मनोरंजनाचा असल्याचे मान्य केले होते. त्यामुळे ‘रंजनाची कुस्ती’ किंवा सरळ ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ म्हणावे. ‘लुटुपुटूची’ म्हणण्याचीही मला इच्छा होत नाही, कारण आदळण्याचा मार तर खराच बसतो.

नावांचे भाषांतर करू नये. धोबीपछाड, बगलडूब, मोळी, एकचाक ही आपली नावे कृतीवरून वा आकारावरून पडली आहेत आणि ती कोणा एकाच्या मालकीची नाहीत. याउलट आरकेओ ही ऑर्टनच्या पूर्ण नावाची आद्याक्षरे आहेत, तर रे मिस्टेरिओचा ६१९ हा त्याच्या सॅन दिएगो शहराचा दूरध्वनी संकेतांक आहे. त्यांना मराठी नाव देऊन काहीच साधणार नाही. नाव तसेच ठेवून पुढे आपला प्रत्यय लावावा: ‘आरकेओ डावावर कुस्ती जिंकली’.

एक शब्द मात्र तिथे जपून वापरावा, तो म्हणजे ‘चितपट’. मातीत पाठ टेकली की त्याच क्षणी कुस्ती संपते. रिंगमध्ये पाठ कितीदाही टेकते. निकाल लागतो तो खांदे दाबून धरल्यावर पंचांनी तीन मोजल्यानंतर. म्हणून ‘चोकस्लॅमने चितपट केले’ असे न लिहिता ‘चोकस्लॅम मारून तीन मोजेपर्यंत दाबून धरले’ असे लिहिणे अधिक अचूक ठरेल.