पहिली गिटार करताना आधी नेकचं बघ

बॉडीचा आकार कसा असावा, रंग कोणता द्यावा, हे तू विचारलंस. ते नंतर बघू. गिटार वाजते की नुसती भिंतीवर टांगायची, हे नेक, म्हणजे बॉडीला जोडलेली लांब दांडी, ठरवते.

वखारीतून आणलेलं लाकूड लगेच कापू नकोस. घरात आडोशाला ठेव आणि दर आठवड्याला वजन कर. वजन बदलायचं थांबलं की लाकूड घरच्या हवेला सरावलं. आपल्याकडे पावसाळ्यात नेक कोरायला घेऊच नये. दिवाळीनंतर ती वाकलेली दिसते. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, थोडा बाक सावरतो, पीळ नाही.

फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, खाचा हा खरा जिवाचा भाग. फेंडर कंपनीच्या पद्धतीची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६४८ मिमी. तिला १७.८१७ ने भाग, ३६.३७ मिमी येतात. नटपासून, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून, पहिला फ्रेट तिथे. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागत जा. बारावा बरोबर ३२४ वर आला पाहिजे. खुणा मात्र प्रत्येक वेळी नटपासूनच मोज. आधीच्या फ्रेटपासून मोजलंस तर बारीक चुका साठत जातात. बेस गिटारची नेहमीची स्केल ८६४ मिमी, तिथे तारांचा ताणही जास्त, म्हणून आधी गिटारच कर.

ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकवणारा भाग, ६४८ वर घट्ट बसवू नकोस. सॅडल, म्हणजे ब्रिजवरचे तार टेकण्याचे तुकडे, थोडे मागे सरकायला जागा हवी, जाड तारेला जास्त.

आणि शिसव घासताना मास्क लावच. तो भुसा श्वासाला फार वाईट.