खाकी आधी की काळा कोट?

प्रश्न: सर, मी मडगावची, राज्यशास्त्राची पदवीधर. अंतर्गत सुरक्षा, धोरण, कायदा, तिन्हींत काम करायचंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: कायद्याच्या अभ्यासापासून, बाय. मी किनारी पोलिसांत होतो, निवृत्तीनंतर वकिलीची सनद घेतली. बेतुलजवळ परक्या ट्रॉलरवर चढताना पहिला प्रश्न असतो, इथं अधिकार कुणाचा? १२ सागरी मैलांपर्यंत आपला प्रादेशिक समुद्र, हे १९७६चा कायदा सांगतो. धोरण कसं घडतं ते पाहायचंय? मुंबई हल्ल्यानंतर २००८ सालीच एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) कायदा झाला, त्यावरची संसदेतली चर्चा वाच. (कंटाळवाणी आहे, तरी वाच.) तीन वर्षांचं एलएलबी मिरामारला होतं, सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवी बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये. पोलीस नोकरीत असताना मात्र वकिली चालत नाही. तेव्हा खाकी हवी असेल तर पोलीस भरतीची वयोमर्यादा आधी बघ. सनद माझ्यासारखी नंतरही मिळते.