दोन ओळींत सांगा, बघू की नको?

मागच्या अंकात लिहिलं होतं की अलीकडच्या कुठल्याही चित्रपटाबद्दल विचारा, थोडक्यात सांगेन. पत्रं आली ती अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. निम्म्याहून अधिक पत्रांत शेवटी हेच वाक्य होतं: ‘ताई, दोन ओळींत सांगा, बघू की नको?’ जिथे दोन ओळी पुरल्या तिथे दोनच लिहिल्यात. काही ठिकाणी नाही पुरल्या. ज्यांनी नाव छापू नका म्हटलं होतं त्यांच्यामुळे या वेळी सगळेच प्रश्न नावांशिवाय देते आहे.

‘साबर बोंडं’ला परदेशात मोठं पारितोषिक मिळालं म्हणून आम्ही दोघं मुद्दाम गेलो. काहीच घडत नाही हो त्यात! मित्रमंडळी मात्र भारावून गेलीत. आमचंच काही चुकलं का?

तुमचं काही चुकलेलं नाही. कंटाळा आला तर आला, तो खरा मानावा. पण ‘काहीच घडत नाही’ हे मी मान्य करणार नाही.

आनंदचे वडील गेलेत. दहा दिवसांच्या सुतकासाठी तो आईबरोबर गावी येतो. नातेवाईक भेटायला येतात, दुःखाचे चार शब्द बोलतात आणि पाचव्या वाक्याला त्याच्या लग्नावर येतात. आनंदला पुरुष आवडतात, हे त्याच्या आईला ठाऊक आहे आणि बाकी घराला नाही. रोहन कानवडे यांनी कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी ठेवलाय. माणसं चौकटीत येतात, बसतात, उठून जातात. पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे कुठे रडायचं हे कुणी सांगत नाही. आई त्या गराड्यात बसून मुलाकडे बघते आणि काही बोलत नाही, तेव्हा खूप काही घडत असतं. ते घडताना दिसायला थोडा वेळ द्यावा लागतो.

अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवाचं 2025चं जागतिक कथाचित्र विभागातलं सर्वोच्च पारितोषिक या चित्रपटाला मिळालं, आणि ही दिग्दर्शकाची पहिलीच पूर्ण लांबीची कलाकृती. पण पारितोषिकासाठी बघू नका. फोन बंद करून, शेजारी गप्प बसू शकेल असं माणूस घेऊन पुन्हा एकदा बघा. तरीही नाही आवडला तर मला कळवा, मी वाद घालणार नाही.

तुम्ही तारे का देत नाही? साडेतीन तारे म्हटलं की आम्हाला पटकन कळतं.

पटकन कळतं, पण काय कळतं? मी पूर्वी तारे देत होते. एकदा एकाच आठवड्यात दोन चित्रपटांना मी तीन-तीन तारे दिले. एक नीटनेटका होता, कुठेही न अडखळता संपला आणि घरी पोचेपर्यंत विसरून गेले. दुसरा तीन ठिकाणी कोसळला, पण त्यातला एक प्रसंग आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. छापून आलं तेव्हा दोन्ही शेजारी-शेजारी होते, तीन तारे आणि तीन तारे. मला फार वाईट वाटलं. त्या दुसऱ्या दिग्दर्शकाशी मी अन्याय केला होता आणि वाचकाशीही.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. अभिप्राय एका ओळीचा असला तरी त्यात पडद्यावर प्रत्यक्ष दिसलेली किंवा ऐकू आलेली एक तरी गोष्ट असलीच पाहिजे. ‘हृदयस्पर्शी’, ‘कसदार’, ‘खिळवून ठेवणारा’ हे शब्द चित्रपट न बघताही लिहिता येतात. मी अंधारात वहीत लिहिते, कागदाकडे न बघता. डाव्या हाताचा अंगठा ओळीच्या सुरुवातीला ठेवायचा, ओळ संपली की तो खाली सरकवायचा. कधी सरकवायचा राहतो आणि दोन ओळी एकमेकींवर चढतात. ‘होमबाउंड’च्या पानावर तसंच झालंय. त्या गुंत्यात एकच शब्द स्वच्छ वाचता येतो, ‘टाचा’. चंदनच्या आईच्या भेगाळलेल्या टाचा. पोलीस भरतीसाठी धडपडणारे दोन मित्र, एक दलित (हाच चंदन), एक मुसलमान, आणि मग टाळेबंदी. नीरज घायवान यांनी हे सगळं ज्या पिढ्यांच्या कष्टावर उभं केलंय, ते कष्ट त्या टाचांत दिसतात. काही संवाद मला जास्त समजावून सांगणारे वाटले. तरी बघाच म्हणेन, आणि का म्हणते ते त्या एका शब्दात आहे. हे मी ताऱ्यांत कसं सांगू?

‘आता थांबायचं नाय!’ आईबाबांना घेऊन बघावा का?

अवश्य बघा. महापालिकेचे चतुर्थश्रेणी कर्मचारी रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, आणि दिवसभर राबलेली माणसं शाळेच्या बाकावर अवघडून बसलेली बघताना हसू आणि हुंदका एकदमच येतो. उत्तरार्ध थोडा लांबलाय, पण भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव तो तोलून धरतात.

माझी मुलगी लग्नाची आहे. ‘स्थळ’ तिच्यासोबत बघावा की तिला मैत्रिणींबरोबर जाऊ द्यावं?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही सोबत बघा, आणि तिच्या वडिलांनाही घेऊन बसा. खरं तर त्यांच्यासाठी तो जास्त आहे.

सुरुवातीलाच बायकांचा घोळका बसलाय आणि समोर एक मुलगा. त्यालाच प्रश्न विचारले जाताहेत. ते सविताचं स्वप्न असतं. जाग आल्यावर समोर बसायची पाळी तिची. मग तोच कार्यक्रम पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. नाव, शिक्षण, उंची, आवडीनिवडी. प्रश्न बदलत नाहीत, खुर्च्यांवरचे पुरुष तेवढे बदलतात. जयंत सोमलकर यांनी हा प्रसंग दर वेळी जवळजवळ तसाच ठेवलाय, आणि धाडस तेच आहे. दुसऱ्यांदा प्रेक्षागृहात हसू येतं. चौथ्यांदा कुणी हसत नाही.

विदर्भातल्या गावातली साधी माणसं यात काम करतात, आणि नंदिनी चिकटे त्या मुलीचा राग चेहऱ्यावर न आणता डोळ्यांत साठवत जाते. बाप वाईट नाही हेही लक्षात घ्या. कापसाला भाव नाही, हुंडा मागितला जातोय आणि मुलगी पुढे शिकायचं म्हणते आहे. तो सगळीकडून कोंडीत सापडलाय. म्हणूनच म्हणते, वडिलांना न्या. बघून झाल्यावर लगेच विषय काढू नका, त्यांना थोडं गप्प राहू द्या.

‘दशावतार’वर तुम्ही इतक्या हातचं राखून का लिहिलंत? आम्हाला तर प्रचंड आवडला.

दिलीप प्रभावळकरांबद्दल मी काहीच हातचं राखलेलं नाही. चित्रपट आला तेव्हा ते 81 वर्षांचे होते. नजर मंदावत चाललेला दशावतारी नट बाबुली रंगमंचावर उभा राहतो तेव्हा अंग ताठ होतं, आणि रंग उतरल्यावर तेच अंग म्हाताऱ्या बापाचं होतं. हा बदल ते एका श्वासात करतात. तेवढ्यासाठी मी पुन्हा तिकीट काढेन.

माझी तक्रार पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांच्या सांध्याबद्दल आहे. आधी कलावंत आणि त्याचा मुलगा यांची गोष्ट हळूहळू उमलत असते. मग खाण, गुन्हेगार आणि सूड येतात आणि पटकथेला घाई होते. अवतारांचा वापर कल्पना म्हणून मला फार आवडला, पण पुढेपुढे बाबुलीचं काय होणार यापेक्षा पुढचा अवतार कोणता येणार याकडेच लक्ष लागतं. तुम्हाला तिथे उत्साह वाटला असेल, माझा बाबुली तिथे थोडा हरवला. माझा निकाल तोच आहे: प्रभावळकरांसाठी बघा, आणि शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर.

मुलगा अकरा वर्षांचा आहे. पोस्टरवर ‘यूए 16+’ लिहिलेलं. नेऊ की नको?

2024च्या नियमांनी ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या चित्रपटांच्या प्रमाणपत्राचे, तीन भाग केले: 7+, 13+ आणि 16+. हा आकडा पालकांसाठीचा इशारा आहे, दारात कुणी अडवणार नाही. त्यामुळे जबाबदारी तुमचीच. 13+ असता तर आधी स्वतः बघून ठरवा म्हटलं असतं. 16+ आणि अकरा वर्षं यांत अंतर फार आहे, नेऊ नका.

एक चित्रपट बघितला, सगळीकडे छायाचित्रणाची स्तुती. आम्हाला अर्धा चित्रपट काळाकुट्ट दिसला. समीक्षक वेगळं काही बघतात का?

शक्यता आहे की तुम्ही खरोखरच वेगळं काही बघितलंत. हे माझ्याही बाबतीत घडलंय आणि त्याची टोचणी अजून आहे.

काही वर्षांपूर्वी एका चित्रपटाबद्दल मी लिहिलं, ‘रात्रीचे प्रसंग काळवंडलेले, चेहरे दिसत नाहीत.’ पंधरा दिवसांनी तोच चित्रपट दुसरीकडे बघायचा योग आला. त्याच रात्रीच्या प्रसंगात नायिकेच्या कपाळावरचा घाम दिसत होता. मागच्या भिंतीवरची ओल दिसत होती. मी सुन्न झाले. छायाचित्रकाराने घेतलेले कष्ट पहिल्या प्रेक्षागृहाने पडद्यापर्यंत पोचूच दिले नव्हते आणि मी दोष मात्र त्याला दिला होता. पुढच्या अंकात चूक कबूल केली, पण तोवर चित्रपट उतरला होता.

यामागचं कारण साधं असतं. पडद्यावर किती उजेड पडावा याचं मानक ठरलेलं आहे, साध्या चित्रपटासाठी 14 फूट-लँबर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक). दिवा जुना झाला, खर्च वाचवायला त्याची शक्ती कमी केली, किंवा थ्रीडीसाठी प्रोजेक्टरसमोर बसवलेला फिल्टर साध्या चित्रपटाच्या वेळी काढायचा राहिला, की हा उजेड झपाट्याने घटतो. अंधाऱ्या प्रसंगांचा तर चिखल होतो.

ओळखायचं कसं? सुरुवातीची पांढरी अक्षरं बघा. ती धुवट, राखाडी दिसली तर पहिल्या दहा मिनिटांतच उठा आणि व्यवस्थापकाला सांगा. संकोच करू नका. बाकीच्यांचाही चित्रपट त्यामुळे वाचतो. मी आता नेहमी उठते.

आजोबांना ऐकू येत नाही, नात आठ वर्षांची. दोघांना एकत्र बघता येईल असं काही सुचवा. दोघं एकमेकांना फार धरून आहेत.

‘फ्लो’. लगेच बघा.

लाटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिस यांचा हा ॲनिमेशनपट आहे, 85 मिनिटांचा, आणि त्यात एकही शब्द बोललेला नाही. महापुरात एक मांजर होडीत चढतं. तिथे कॅपिबारा (उंदराच्या कुळातला मोठा प्राणी) आहे, कुत्रा आहे, चकचकीत वस्तू गोळा करणारा लेमूर आहे आणि एक उंच, गंभीर पक्षी. सगळे आपापल्या स्वभावासकट एका होडीत. ‘ब्लेंडर’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनलेल्या या चित्रपटाला 2025मध्ये ऑस्कर मिळालं.

नातीला एक गंमत सांगा, ती आजोबांना खुणेनं सांगेल. यातल्या प्राण्यांचे आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत, पण कॅपिबाराचा खरा आवाज फारच किनरा निघाला, म्हणून त्याच्या तोंडी उंटाच्या पिल्लाचा आवाज घातला. आजोबांना मात्र आवाजाविना काही कमी पडणार नाही. मांजराचे कान आणि शेपूट बघत राहिलं तरी सगळं कळतं. एक-दोन ठिकाणी नात घाबरेल, पाणी चढतं तेव्हा. दोघं शेजारी बसलेली असू द्या.

मी बारावीत आहे. मलाही परीक्षणं लिहायची आहेत. सुरुवात कशी करू?

तू गोष्ट सांगायला सुरुवात करू नकोस, ती सगळेच सांगतात. चित्रपट संपल्यावर कुणाशीही बोलायच्या आधी, कुणाचं काहीही वाचायच्या आधी, तुला आठवणारा एक प्रसंग दहा ओळींत लिही. कोण कुठे उभं होतं, उजेड कुठून येत होता, आवाज कशाचा होता. मत लिहू नकोस. असे वीस प्रसंग झाले की मला पाठव, मी प्रत्येक वाचेन.

‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ आम्ही फक्त छाया कदमसाठी बघणार आहोत. चालेल ना?

चालेल काय, तेवढं कारण पुरेसं आहे. पायल कपाडियांच्या या चित्रपटाला 2024मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक, मिळालं. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तीस वर्षांनी पोचला होता. पण तुम्ही छाया कदमसाठीच जा. रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती, मुंबईतलं राहतं घर बिल्डरच्या घशात जाणारी, हातात घराचा एक कागद नाही. एका रात्री ती आणि त्याच रुग्णालयातली परिचारिका प्रभा त्या बिल्डरच्या फलकावर दगड भिरकावतात. कुणी भाषण करत नाही. दगड लागतो आणि दोघी शाळकरी पोरींसारख्या हसतात.

आणि मग प्रभाकडेही बघा, म्हणजे कनी कुसृतीकडे. परदेशी असलेल्या नवऱ्याकडून बहुधा आलेला, चिठ्ठीही नसलेला भात शिजवायचा लाल कुकर ती रात्री जमिनीवर बसून पोटाशी धरते, तेव्हा मी वहीत काही लिहू शकले नव्हते. ते पान तसंच कोरं आहे.

शेवटच्या भागात गोष्ट रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जाते. शेवटचं दृश्य रात्रीचं आहे, समुद्राकाठची एक टपरी आणि रंगीत दिवे. घरी बघणार असाल तर खोलीतला दिवा मालवून बघा.